मनकर्णेचा पाट

नत्थूजीनं कुदळ हाणली अन् मनकर्णेनं नाल्यात घातलेला दगडमातीचा बांध मधोमध फुटला. दिवाळी होऊन महिना झाला नव्हता, पण खाली त्याच्या संत्र्याच्या बागेपाशी नाल्यात गोट्यांमधून नुसती बारीक धार उरली होती.

"पाणी चोरून राहिली वं तू!"

"चोरी कायची? पाट माया वावरातून फिरून नाल्यातच पडते, नत्थूजी. पाहून तं घ्या!"

पाहायला सवड कोणाला होती? मनकर्णा बौद्ध वस्तीतली, त्यात एकटी बाई. नत्थूजीसारख्या वजनदार माणसाच्या तोंडून 'चोर' निघालं अन् गावानं लगेच खरं मानलं. सोबत आलेल्यांनी पाटही बुजवून टाकला.

नाला मात्र भरला नाही. होती ती धारही आटली. सरपंचानं भूजल खात्यात खेटे घातल्यावर नागपूरहून साहेबाची जीप आली. ओमप्रकाश साहेबानं काठाकाठानं लोखंडी खुंट्या ठोकल्या, तारा जोडल्या, बॅटरीची वीज जमिनीत सोडली. कोरडा खडक वीज अडवतो, ओली जागा वाहू देते. त्यावरून तो जमिनीच्या पोटातलं पाणी ताडत होता.

फुटक्या बांधाच्या जरा खाली तो थांबला. "इथं बंद मँगनीज खाणीचं भुयार आहे. नाला त्यातच झिरपतोय. वर कोणाचा पाट होता का? त्याच्यामुळंच पाणी ही जागा टाळून खाली जात असणार."

सगळ्यांच्या नजरा फुटक्या बांधाकडं वळल्या. नत्थूजीची कानशिलं तापली. बाग आपल्याच हातानं वाळवली, याचं दुःख होतंच. पण 'पाहून तं घ्या' म्हणणाऱ्या बाईसाठी आपल्याला चार पावलं टाकवली नाहीत, ते आतून कुरतडत होतं.

सांजेला तो तिच्या अंगणात गेला. ती मिरच्या निवडत होती.

"चुकलो, बाई," तो पुटपुटला.

"हळू काहून बोलता? चोर म्हणलं तवा तं शिवेपर्यंत आवाज गेला होता तुमचा."

सकाळी पारावर माणसं जमली होती. नत्थूजी उभा राहिला अन् मोठ्यानं बोलला. "मनकर्णाबाई चोर नाही. म्या खोटा आळ घेतला. बांध बांधाले चाललो, कोण येते?"

कोणी विडी पेटवली, कोणी आभाळ पाहिलं. उठलं कोणीच नाही.

एकटाच तो दगड रचत बसला. उन्हं चढल्यावर मनकर्णा आली. त्यानं मान वर केली नाही. तसाच हात जोडून तो पुन्हा माफी मागू लागला.

"माफी राहू द्या," तिनं टोपलं त्याच्यापुढं टाकलं. "माती आना."