तपासणीच्या दिवशीचं पाळणाघर

परदेशी पाहुणी तपासणीला येणार असली की आमच्या कारखान्यातलं पाळणाघर उघडायचं. एरवी आत खोक्यांच्या थप्प्या आणि दाराला कुलूप. ज्या परदेशी कंपनीसाठी आम्ही शर्ट शिवायचो, तिच्या नियमांत पाळणाघर होतं, म्हणून आमच्याकडेही होतं; तपासणीपुरतं.

"उद्या पोरं घेऊन या गं," सुपरवायझर सांगून गेला. "शेंबूड पुसून!"

मी माझ्या लेकीला, चिमीला नेलं. रोज ती शेजारच्या काकूंकडे असायची. काकू मायाळू, पण दुपारी त्यांचा डोळा लागतो, आणि त्यांच्या गॅलरीचा कठडा बुटका आहे. शर्टाची कॉलर तपासताना माझ्या डोळ्यांपुढे तो कठडाच असायचा. नवरा बोटीवर नोकरीला. फोनवर म्हणायचा, "उगाच जिवाला घोर लावून घेतेस." बोटीवरून कठडा दिसत नाही.

मुलं सांभाळायला धागे कापणाऱ्या मावशींना पांढरा एप्रन चढवून बसवलं होतं.

"शोभते की नाही नर्स?" त्यांनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

"सुई टोचाल म्हणून पोरं पळतील," मी म्हटलं. सगळ्या खो-खो हसल्या. तेव्हा माझ्या बोलण्यावर हसायच्या.

मला इंग्रजी येतं, म्हणून पाहुणीशी बोलायला मी. काय बोलायचं ते साहेबांनी पाठ करून घेतलं होतं.

पाहुणी आली ती थेट जमिनीवरच बसली. चिमीने तिच्यापुढे बाहुली धरली. बाहुली कालच विकत आणलेली; फ्रॉकला दुकानाचं लेबल तसंच लोंबत होतं. मावशींना लोंबतं काही बघवत नाही. हयात त्यात गेली. त्यांनी गळ्यातली छोटी कात्री उचलली, कच्चकन लेबल कापलं आणि सवयीने बाहुली उलटीपालटी करून बघितली. मग एकदम त्यांचा चेहराच उतरला.

पाहुणीने लेबल उचललं. मला विचारलं, "ही मुलं रोज येतात?"

साहेब दारात उभे. मावशी डोळ्यांनी विनवत होत्या, हो म्हण गं बाई. हो म्हटलं की संध्याकाळी कुलूप, आणि उद्या चिमी त्या कठड्यापाशी.

"नाही," मी म्हणाले. "आजच आणलीत."

आता पाळणाघर रोज उघडं असतं. कंपनीने तशी अटच घातली. पण अट पुरी होईपर्यंत अर्धं काम दुसऱ्या देशातल्या कारखान्याला दिलं, ते परत आलंच नाही. ओव्हरटाइम बंद झाला. पाळणाघराला बायका 'तिच्या पोरीची खोली' म्हणतात. स्वतःची मुलं कुणी आणत नाही. सुपरवायझरच्या डोळ्यांवर कोण येणार?

माझ्या टेबलावरून काचेतून चिमी दिसते. एकटीच असते. बाहुलीला समोर बसवून तिच्याशी भांडते, मग समजूतही काढते. घोर गेला, हे खरं. डबा मात्र मी तिच्याशेजारी बसून खाते. बाहेर सगळ्या सरकून बसतात, पण माझ्यापुरती जागा काही होत नाही.

काल मावशी कापडाचा गठ्ठा घेऊन टेबलाजवळून गेल्या. माझ्या खांद्यावर एक पांढरा धागा लोंबत होता. त्यांची नजर त्यावर थांबली. हात गळ्यातल्या कात्रीकडे गेला. मी मान थोडी वाकवली.

त्या पुढे निघून गेल्या. धागा तसाच राहिला.