माझ्यावर विश्वास नाही का?

एल्दियारला लायसन्स मिळालं त्या दिवशी घरात बोर्सोक, सणासुदीचे कणकेचे गोळे, तळले गेले. एकोणीस वर्षांचा पोरगा, हातात गाडीची किल्ली! बापाची, मामिरकुलची, छाती फुगली होती. लायसन्स परीक्षा देऊन मिळालेलं नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मामिरकुलच्या ओळखीच्या माणसाने एक फोन फिरवला आणि काम झालं. त्यात कुणालाच काही वावगं वाटलं नाही.

वाटलं ते एकट्या शार्शेन आबांना. शेजारच्या या म्हाताऱ्याने डोलोनच्या घाटात तीस वर्षं ट्रक चालवला होता.

चहाची वाटी खाली ठेवत ते म्हणाले, "पोरा, वर्षभर माझ्या शेजारी बसून चालव. मग एकटा घाट चढ."

"आबा, तुम्ही तर घोडागाडीच्या वेगाने चालवता! गाईसुद्धा तुम्हाला मागे टाकून जातात."

सगळे हसले. आबाही हसले. "माझ्यापेक्षा हुशार पाच जण त्या घाटातच राहिले रे. मी घाबरट, म्हणून आज तुझ्या घरी बोर्सोक खातोय."

सप्टेंबरच्या अखेरीस घाटापलीकडच्या नारीन शहरात मामेबहिणीचं लग्न होतं. बाप आदल्या दिवशीच गेला होता. एल्दियार आपल्या थोरल्या बहिणीला, बुरुलायला, घेऊन सकाळी निघाला. आई गेल्यावर हिनेच त्याला वाढवलं होतं. दिवसभर शिवणयंत्रावर बसून तिने घर चालवलं होतं. नवरीचा झगाही तिनेच शिवला होता. तो मांडीवर नीट घडी घालून ठेवत तिने सीटबेल्ट ओढून लावला.

एल्दियारने तिच्याकडे पाहिलं. थोरल्या बहिणीला तो एजे म्हणे. "एजे, हे काय? माझ्यावर विश्वास नाही का?"

"अरे, सवय असावी."

"कसली सवय? लग्नाला चाललोय की मरायला? आणि लोक बघतील ना, भाऊ चालवतोय आणि बहिणीने स्वतःला बांधून घेतलंय!"

त्याने स्वतः बेल्ट लावला नव्हता. बेल्ट लावण्यासाठी गाडीने सारखी घंटी वाजवू नये म्हणून त्याने बाजारातून पट्टा नसलेली नुसती कडी आणून बेल्टच्या खोबणीत खुपसून ठेवली होती. बुरुलाय जरा घुटमळली. लाडक्या भावाचं मन मोडायचं तिच्या जिवावर आलं. तिने बेल्ट सोडला.

"रुसू नकोस बाबा. हे बघ, काढला."

घाटाच्या पायथ्याशी चुलतभाऊ बेकतुरची गाडी भोंगा वाजवत शेजारून पुढे गेली. खिडकीतून हात काढून तो ओरडला, "काय रे, अंडी घेऊन चाललायस का?"

एवढं पुरे झालं. एल्दियारने गाडी दामटली.

"हळू, एल्दियार! झगा चुरगळेल!" बुरुलाय म्हणाली.

समोर गवताचा ट्रक होता. त्याला ओलांडून तो वळणावर आला आणि बघतो तर सगळा रस्ता मेंढ्यांनी भरलेला! वरच्या कुरणांतून कळप खाली उतरत होते. त्याने ब्रेक दाबला, स्टिअरिंग गर्रकन फिरवलं. गाडी कडेच्या खड्यांवरून घसरली आणि उताराला दोनदा उलटली.

त्याला शुद्ध आली तेव्हा तो स्टिअरिंगमागे अडकलेला होता. कपाळावरून रक्त ओघळत होतं. शेजारची जागा रिकामी होती. दहा हातांवर पांढरा झगा पडला होता आणि त्याच्या पलीकडे बुरुलाय.

"एजे! एजे, ऊठ ना!"

ती जगली. पण मानेचं हाड मोडलं होतं. मानेखालचं शरीर आता हलणार नाही, असं डॉक्टरांनी मामिरकुलला बाजूला घेऊन सांगितलं. ज्या बोटांनी सुईत दोरा पहिल्या झटक्यात ओवला जाई, त्या बोटांना चमचा धरता येईना.

लोक भेटायला येत, मटणाचा रस्सा आणत, उसासे टाकत. "काय करणार, कपाळी लिहिलेलं! देवाची मर्जी." एल्दियारही मान डोलवे. त्या शब्दांच्या आडोशाला त्याला जरा बरं वाटे.

एका दुपारी शार्शेन आबांपुढेही तो तेच बोलला. "आबा, नशिबातच होतं."

आबा कधी न चिडणारे, पण त्या दिवशी काठी आपटून उठले.

"देवाच्या नावावर आपली चूक ढकलू नकोस! तिचा बेल्ट देवाने सोडवला का? आंधळ्या वळणावर ट्रक देवाने ओलांडला? मेंढ्या दरवर्षी याच दिवसांत उतरतात, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. नशीब नशीब म्हणत आपण रोज माणसं पुरतो आणि दुसऱ्या दिवशी तशीच गाडी हाकतो!"

मामिरकुल दारात उभा होता. तो पुढे आला. "त्याला कशाला बोलता, आबा? दोषी मी. परीक्षेला बसवलं असतं तर हा नापास झाला असता. त्या नापासाची मला लाज वाटली. त्या लाजेपायी पोरगी खाटेला खिळली माझी!"

एल्दियार ढसाढसा रडला. बहिणीच्या खाटेशी जाऊन म्हणाला, "एजे, बेल्ट मीच सोडायला लावला."

"मी सोडला ना," ती छताकडे बघत म्हणाली. "तू रुसशील म्हणून."

दुसऱ्याच दिवशी त्याने लायसन्स परत केलं. वर्षभर तो आबांच्या शेजारी बसला. आधी नुसता बघत बसला, मग स्टिअरिंग धरलं. वळणाआधी वेग कमी करणं, पुढचं दिसत नसेल तर न ओलांडणं, कुणी डिवचलं तर जाऊ देणं. सगळ्यात अवघड हे शेवटचंच. परीक्षेत पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास.

बुरुलायला तपासणीसाठी नारीनच्या दवाखान्यात न्यायचं होतं. तो तिच्या उशाशी बसला. "एजे, मी नेऊ तुला? अगदी हळू नेईन. आता मला येतं."

तिने नजर त्याच्याकडे वळवली.

"तू शिकलास, मला आनंद आहे. तुझ्यावर राग नाही रे माझा. पण तू चालवशील त्या गाडीत मला बसवणार नाही. भीती वाटते."

त्याने मान हलवली. तिला उचलून आबांच्या गाडीत ठेवलं, मानेला उशी लावली. आबांनी गाडी फाटकाबाहेर काढली. तो अंगणात उभा राहिला आणि त्याला कळून चुकलं, की क्षमा मिळते, विश्वास मिळत नाही.

वाचकहो, शेजारी बसलेला माणूस बेल्ट लावतो तो तुमचा अपमान करत नाही. त्याला घरी परत यायचं असतं, एवढंच. लेकराच्या हाती किल्ली देण्याआधी त्याला शिकू द्या, नापास होऊ द्या. परीक्षेत नापास झालेल्या पोराला दुसरी संधी मिळते. बुरुलायला ती कुणीच देऊ शकलं नाही.