खुर्शीदाच्या हातातला भोंगा

मी एक जुना भोंगा आहे. मित्रांनो, माझे भाऊबंद तुम्ही प्रचारात नाहीतर मिरवणुकीत पाहिले असतील. हातात धरायचे आणि चाप दाबून बोलायचे. नाशिकजवळच्या अंबडच्या एका छोट्या कारखान्यात माझा जन्म झाला. गोदावरीला पूर आला की गंगाघाटावर धावून जाणाऱ्या स्वयंसेवकांच्या एका मंडळाने मला विकत घेतले.

सुरुवातीला मी अध्यक्ष दीपकरावांकडेच असे. दसऱ्याला ते मला झेंडूची माळ घालत. पुढे त्यांचा घसा सारखा बसू लागला, तेव्हा मला खुर्शीदाकडे देण्यात आले. ती जुन्या नाशकात शिवणकाम करायची. तिचा आवाज माझ्यातून पार पलीकडच्या काठावर पोचायचा.

पण पहिल्याच दिवशी दीपकराव तिला म्हणाले, "ताई, भोंग्यावरून खुशी सांगत जा. उगाच कोणी काही बोलायला नको."

"माझं नाव खुर्शीदा आहे, दादा."

"ते आम्हाला माहितीये हो. पण काम होण्याशी मतलब."

त्या दिवसापासून ती भोंग्यावर 'खुशी' सांगू लागली. तिच्या जॅकेटवरही 'खुशी' असेच छापून आले. ते नाव घेताना दरवेळी तिची पकड आवळायची, आणि मलाही चैन पडत नसे.

मागच्या वर्षी गंगापूर धरणातून पाणी सोडले. दुपारी ते, ज्याच्यावरून नाशिककर पूर मोजतात त्या घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या छातीला लागले. खुर्शीदा पुलाजवळून टपरीवाल्यांना हटवत होती. तिचे वडील सलाउद्दीनचाचा काळजीने तिला शोधत मंडळाच्या तंबूत गेले. तिथली माणसे नवी होती. "खुर्शीदा? या नावाचं आमच्यात कोणीच नाही," असे त्यांनी सांगितले. चाचांचे धाबे दणाणले. ते तडक घाटाच्या पायऱ्या उतरू लागले.

खुर्शीदाला ते वरून दिसले. तिने चाप दाबला.

"अब्बा, वहीं रुको. मैं खुर्शीदा. ऊपर देखो."

सगळ्या घाटाने ते ऐकले. चाचा थबकले. फुले विकणाऱ्या सिंधुबाईंनी त्यांचा दंड धरून त्यांना वर ओढले. पाणी त्यांच्या गुडघ्यांना लागले होते.

पूर ओसरल्यावर बैठक झाली. "भोंगा घरच्या बोलण्यासाठी नसतो," दीपकराव म्हणाले. "मंडळात शिस्त लागते."

खुर्शीदा उभी राहिली. "माझे अब्बा बुडाले असते. जॅकेटवर माझं खरं नाव घाला, तरच मी उद्यापासून येईन."

"बघू. पुढच्या बैठकीत विषय घेऊ."

तिने जॅकेट काढून घडी केली, टेबलावर ठेवले, त्यावर मला ठेवले आणि ती निघून गेली. तो विषय पुढे कुठल्याच बैठकीत निघाला नाही.

तेव्हापासून मी घाटावरच्या मंडळाच्या खोलीत, कपाटात आहे. सेल काढायचे राहिले, ते आतल्या आत फुटले. यंदा पाणी वाढले तेव्हा दीपकरावांनी मला बाहेर काढले, पण माझ्यातून नुसती खरखर आली. तेवढ्यात खिडकीतून एक ओळखीचा आवाज आला. खुर्शीदा आपल्या गल्लीतल्या बायकांना घेऊन घाटावर आली होती. "मी खुर्शीदा शेख बोलतेय. वर या, पाणी वाढतंय," ती उघड्या गळ्याने ओरडत होती. लोक सामान उचलून वर येत होते. दीपकराव मला हातात धरून खिडकीशी उभे राहिले. त्यांना खाली जावेसे वाटत असावे, पण ते गेले नाहीत.

मित्रांनो, भोंगा ठेवून देताना सेल काढून ठेवा. आणि तुमच्या मंडळात कोणी नवे आले, तर त्याला नाव देऊ नका, विचारा. मला कोणी भोंगा म्हणो की कर्णा, माझे काही जात नाही. माणसाचे जाते.