मारुतीला सेन्सर बसवला तेव्हा

दर रविवारी अकराच्या सुमारास राघवेंद्रची मारुती लातूरच्या त्या क्लासवाल्या गल्लीत शिरायची, आणि नेमकी तेव्हाच मालविका गॅलरीत कपडे वाळत घालत असायची. कपडे शनिवारीच वाळलेले असले तरी.

लेकीला, वैष्णवीला, अकरावीला लातूरला घातलं तेव्हा मालविकाही तिच्याबरोबर आली. नांदेडच्या एका तंत्रनिकेतनात ती उपकरणांच्या प्रयोगशाळेत शिकवायची. तिने बिनपगारी रजा टाकली. तिचा नवरा राघवेंद्र पाटबंधारे खात्यात, त्याला नांदेड सुटणं शक्य नव्हतं. गल्लीत बहुतेकांचं असंच होतं. आई इथे दोन खोल्यांत, वडील नायगावला, नाहीतर मुदखेडला, नाहीतर आणखी कुठे. घरमालकीण तारामतीबाई भूकंपानंतर वर्षभर अंगणात झोपल्या होत्या. आता त्यांनी घरावर दोन मजले चढवून भाडेकरू ठेवले होते, पण स्वतः कधी जिना चढत नसत.

ऑक्टोबरातल्या एका रविवारी गाडी आली ती काळा धूर सोडत.

"मिस्त्री म्हणतो, विकून टाका," राघवेंद्र पिशव्या उतरवत म्हणाला. "पेट्रोल लई पिऊन राहिली. लोह्याच्या पुढं चढाला दोनदा बंद पडली."

मग त्याने मागच्या सीटवरून एक खोका काढून तिच्या हातात दिला. आत स्पार्क प्लगसारखा दिसणारा, पाच तारांची शेपटी असलेला एक सेन्सर होता, एक छोटी काळी डबी होती आणि मनगटी घड्याळाएवढा गोल मीटर होता.

"पुण्याच्या मावसभावानं दिलं. तो शर्यतीच्या गाड्यांना बसवतो ना. धुरात ऑक्सिजन किती उरला ते मोजतो म्हणे."

"ते माहितीये मला." मालविकाने सेन्सर बोटांत फिरवून पाहिला. "साधा सेन्सर नुसतं पेट्रोल जास्त का कमी तेवढं सांगतो. हा किती जास्त ते आकड्यात सांगतो. पण नांदेडला बसवून घ्यायचा ना, इथं कशाला आणलात?"

"तिकडं कोणाला जमतंय?"

त्याने तिकडे कोणाला विचारलंच नव्हतं, हे तिला त्याच्या तोंडाकडे बघून कळलं. वैष्णवीची रविवारची परीक्षा दोन वाजेपर्यंत चालायची. तिने वरणाखालचा गॅस बंद केला आणि चपला घातल्या.

बसवंतचं सायलेन्सरचं दुकान औसा रोडला होतं. त्याने गाडी खड्ड्यावर घेतली आणि खालून विचारलं, "ताई, भोक कुठं पाडू?"

मालविका साडीचा पदर खोचून पायऱ्या उतरली आणि धुराच्या नळीवर खडूने खूण केली. "इथं. आणि नट असा तिरपा लावा, सेन्सरचं शेपूट वर राहील असा. खाली तोंड झालं तर नळीतलं पाणी त्याच्यात उतरेल."

"हाव," बसवंत म्हणाला आणि वेल्डिंगचा चष्मा डोळ्यांवर ओढला. नट बसला, तेव्हा राघवेंद्रने खोक्यातला सेन्सर पुढे केला. मालविकाने तो परत ठेवायला लावला.

"आज नको. आत त्याचा स्वतःचा हीटर असतो. वीज न देता धुरात ठेवला तर काजळी धरून मरतो. बसवंतभाऊ, तात्पुरता बोल्ट लावून द्या. बाकीचं पुढच्या रविवारी."

पुढच्या रविवारी. हे शब्द तिने दीड वर्षात कितीदा म्हटले असतील. पण त्या आठवड्यात ते तिला वेगळे लागले. भाकरी थापताना सेन्सरची तार इंजिनाकडून आत कुठून घ्यायची याचा ती विचार करत होती. गंजगोलाईजवळच्या दुकानातून तिने फ्यूजची डबी, वायर आणि एक सोल्डरिंग आयर्न आणलं. दुकानदार म्हणाला, "मुलाच्या प्रोजेक्टला का?"

"न्हाई," ती म्हणाली. "मला पाहिजे."

घरी आल्यावर तिने आयर्न उगाच तापवून सोल्डरच्या तारेला टेकवून पाहिलं. राळेचा वास खोलीभर पसरला. तिच्या प्रयोगशाळेत सकाळच्या पहिल्या तासाला असाच वास असायचा. वैष्णवी पुस्तकातून मान वर करून म्हणाली, "आई, काय जळतंय?" मालविकाने बटण बंद केलं आणि खिडकी उघडली.

रविवारी ती गाडीच्या डॅशबोर्डखाली आडवी झाली. पाय दाराबाहेर. समोरच्या गॅलऱ्यांतून बायका बघत होत्या. राघवेंद्र बाजूला उकिडवा बसून टॉर्च धरत होता.

"जरा इकडं."

"इकडं?"

"तुमच्या इकडं नाही हो, माझ्या इकडं."

त्याला हसू आलं, आणि ते कशाचं हे तिला न विचारता कळलं. भूकंप झाला त्या वर्षी ती लातूरला डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होती. कॉलेजातली पोरं-पोरी किल्लारीकडच्या पत्र्याच्या शेडमध्ये दिवे लावायला गेली होती. तिथे नांदेडहून ब्लँकेटं घेऊन एक मॅटाडोर आली. ती खांबावर तारा जोडत होती, संध्याकाळ उतरत होती, म्हणून तिने ब्लँकेटं उतरवणाऱ्या एका पोराच्या हातात टॉर्च दिला. तेव्हाही तो उजेड भलतीकडेच धरत होता. दिवे लागले तोवर त्याची मॅटाडोर त्याला सोडून निघून गेली होती.

"टॉर्च हलवू नका," ती आता म्हणाली, पण आवाज मऊ झाला होता.

चावी फिरवल्यावरच वीज येईल अशी तार तिने शोधून काढली, मध्ये फ्यूज घातला, आणि काळी तार डॅशबोर्डखालच्या एका बोल्टला आवळली. सेन्सर नळीत घालण्याआधी तो मोकळ्या हवेत धरून तापवावा लागतो, म्हणजे स्वच्छ हवा कशी असते ते त्या डबीला कळतं. राघवेंद्र तो हातभर लांब धरून उभा राहिला. मग त्यांनी तो नळीत बसवला आणि इंजिन चालू केलं.

मीटरवर अकरा आला, म्हणजे एक भाग पेट्रोलला अकरा भाग हवा. आकडा चौदाच्या आसपास यायला पाहिजे होता.

"म्हणजे हवा कमी, पेट्रोल जास्त," ती म्हणाली. काच धुळीने माखली होती म्हणून राघवेंद्रने वायपर लावला, तर अकराचे एकदम बारा झाले. वायपर थांबला, पुन्हा अकरा. त्याने पुन्हा लावून पाहिला.

"बिघडला काय?"

मालविका क्षणभर तशीच बसली. आज किती दिवसांनी असा एखादा प्रश्न समोर आला होता, जो भाजीचा नव्हता, दुधाचा नव्हता, कुणाच्या मार्कांचा नव्हता. तिला घाई करावीशी वाटेना.

"अर्थिंग," ती शेवटी म्हणाली. "मी काळी तार ज्या बोल्टला लावली त्याच्याखाली रंग आहे. वायपर वीज ओढतो तसा आकडा सरकतो. माझी चूक." तिने ती तार काढून थेट इंजिनाच्या लोखंडाला नेली. मग वायपर लावला, दिवे लावले, हॉर्न वाजवला. अकरा हलला नाही.

मिस्त्रीने कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल सोडणारा जेट मोठ्या भोकाचा घातला होता, जुना डिकीत पिशवीत पडून होता. तो बदलला आणि दोघं बघायला म्हणून चाकूरच्या रस्त्याला निघाले. तो चालवत होता, ती आकडे वाचत होती.

"तेरा सहा. पाय हलका करा. चौदा एक. हां, असंच राहू द्या."

दोन्ही बाजूंना सोयाबीन काढून झालेलं होतं, तूर पिवळी फुलली होती. धूर नव्हता, धक्के नव्हते. किती तरी दिवसांनी ते दोघंच गाडीत होते आणि गाडी नांदेडच्या दिशेने चालली होती. परतायचं ठरवलं होतं तो पेट्रोल पंप मागे गेला.

"घरी स्वयंपाकघरातली ट्यूब अजून फडफडते का?" तिने विचारलं.

"फडफडते."

"चोक बदलायचा फक्त. कुणालाही सांगायचं."

"राहू दिली तशीच." त्याने रस्त्यावरची नजर काढली नाही. "तुला करायला काहीतरी राहावं म्हणून."

ती बाहेर बघत राहिली. पुढे चाकूर, मग अहमदपूर, लोहा, मग आपलं घर. तीन तासांत तिथे असतो आपण, असं तिच्या मनात आलं. आज तिथे जेवलो असतो.

"फिरवा गाडी," ती म्हणाली. "दोनला पेपर सुटतो तिचा."

वैष्णवी पायरीवर दप्तर मांडीत घेऊन बसली होती. कुलूप बघून घाबरली असावी, पण तसं म्हणाली नाही. तिने गाडीत वाकून मीटर पाहिला आणि हा काय मोजतो म्हणून विचारलं. मालविकाने सांगितलं की आत चिनी मातीसारख्या पदार्थाची पातळ भिंत असते, एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला धूर, ऑक्सिजन कमी-जास्त असला की दोन्हींत वीज तयार होते, आणि त्याच्यावरून हिशोब. वैष्णवी ऐकत होती, पण बघत होती आईच्या हातांकडे. काळे झालेले, नखांत ग्रीस.

पुढच्या गुरुवारी जेवताना ती म्हणाली, "तुझी रजा कधी संपते?"

"डिसेंबरात. वाढवायचा अर्ज देणारे."

"नको देऊस."

"आणि डबा?"

"तारामती मावशी देणारेत. मी विचारून ठेवलंय."

मालविकाला खरं तर बरं वाटायला हवं होतं. ती उठून आत गेली आणि धुतलेलीच भांडी पुन्हा विसळत उभी राहिली. पोरीने आपल्याला न विचारता आपल्याशिवायची सोय लावून ठेवली होती. दुसऱ्या दिवशी जिन्याखाली तारामतीबाई भेटल्या. म्हणाल्या, "पोर शानी हाय बाई. म्या हाय की हितं. तू जा बिनघोर."

जानेवारीत मालविका कामावर रुजू झाली. प्रयोगशाळेत सगळं जागच्या जागी होतं. पहिल्या आठवड्यात तिला इतका हुरूप आला की विद्यार्थी गेल्यावरही ती एकेक उपकरण उघडून पुसत बसे. मग हळूहळू दुपारी दोनच्या सुमाराला तिचं लक्ष लागेनासं झालं. आता क्लास सुटला असेल. आता ती जिना चढत असेल. घरी राघवेंद्र समोर बसलेला असे, दोघं गप्पा मारत जेवत, आणि बोलता बोलता दोघंही एकदम थांबत.

आता रविवारी दोघं मिळून लातूरला जात. मारुती कुठेही बंद पडत नसे. वैष्णवी थोडी वाळली होती, पण तिचे मार्क वाढले होते, आणि ती निरोप देताना खाली गाडीपर्यंत यायची, दार लावून घ्यायची, आणि बाबांना सांगायची की हळू चालवा.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी ते परत निघाले आणि अहमदपूर मागे पडल्यावर मालविकाचा फोन वाजला.

"पोचलात का?" वैष्णवीने विचारलं.

"अगं, अजून लोहापण आलं नाही. काय झालं?"

"काही नाही. असंच."

"जेवलीस का?"

"हो. तू?"

"आम्ही घरी जाऊन."

"बरं," वैष्णवी म्हणाली. फोन मात्र दोघींनीही ठेवला नाही. पलीकडून वहीचं पान उलटल्याचा आवाज आला, थोड्या वेळाने आणखी एका पानाचा. मालविकाने गाडीची काच वर केली, आणि राघवेंद्रनेही न सांगता आपल्या बाजूची वर केली.