कच्ची वही

कयलविळीची पहिली वही उघडून पाहिलेलं माणूस तिच्याखेरीज मी एकटीच. त्यामुळे हे लिहायचं कुणी, हा प्रश्नच नव्हता.

त्या उन्हाळ्यात माझं पीएचडीचं तिसरं वर्ष चालू होतं. डॉ. हिलरी थ्वेट यांनी एमएस्सीच्या दोन मुली माझ्या टेबलाशेजारी आणून बसवल्या आणि "जून ते ऑगस्ट जरा यांच्याकडे बघ" एवढं सांगून त्या परिषदेला निघून गेल्या. एक एबिएरे, नायजेरियाची, उंच, मोठ्यानं हसणारी. दुसरी कयल, तमिळनाडूतल्या तेन्काशीची. थ्वेटबाईंना इथं सगळे हिलरी म्हणतात. कयलच्या तोंडून ते कधी निघालं नाही. ती त्यांना मॅम म्हणायची आणि मला पहिल्या दिवसापासून अक्का.

इथल्या डोंगरातल्या बंद पडलेल्या शिशाच्या खाणींतून पाणी झिरपून ओढ्यांत येतं. त्यात जस्त असतं. खेकड्याच्या कवचाचा चुरा ते जस्त किती ओढून घेतो, हे कयलनं प्रबंधासाठी मोजायचं होतं. दर बुधवारी ती गमबूट घालून बसनं जायची आणि संध्याकाळी तांबूस पाण्याच्या बाटल्या घेऊन यायची. पाण्यातलं जस्त यंत्र मोजतं. पण कुठली बाटली कुठल्या ओढ्याची, पाणी किती पट पातळ केलं, चुरा किती ग्रॅम, हे फक्त वहीत असतं. वही नसेल तर यंत्राचे आकडे म्हणजे नावं नसलेली हजेरी.

एका पाणी-तपासणीच्या प्रयोगशाळेनं नोव्हेंबरपासून तिला घ्यायचं कबूल केलं होतं. अट एकच, डिग्री. व्हिसा वाढायलाही तीच अट. ती दिवस मोजत होती.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात तिनं मला एक हिशेब तपासायला वही दिली. पानं भिजून फुगली होती. खाणीच्या पाण्याचे गंजासारखे डाग होते. आकडे खोडून वर दुसरे लिहिलेले, समासात तमिळमध्ये काहीतरी खरडलेलं, एका पानावर बाण काढून "हे चुकलं, पुढचं पान बघा".

"ही वही आमच्या कॉलेजात नेली असतीस ना," मी म्हणाले, "तर बाईंनी खिडकीतून खाली टाकली असती. आणि मागोमाग तुला."

"आमच्याकडे आधी मला टाकतात," कयल म्हणाली. "वही सरकारी असते."

एबिएरे पलीकडून म्हणाली, "माझी बघा. बाराव्या पानावर सूप सांडलंय. हिलरीनं विचारलं तर सांगीन, टोमॅटोचं आहे, जस्त नाही त्यात."

आम्ही हसलो. मग कयलनं विचारलं, "अक्का, फेअर करून काढू का?"

माझं लक्ष माझ्या यंत्राकडे होतं. अकरा मिनिटांनी एक थेंब पडणार होता आणि तो चुकला असता तर सकाळ वाया. मी म्हणाले, "काढ की. काढून टाक."

इथं वहीचे नियम पहिल्याच आठवड्यात सांगतात. शाईनं लिहायचं, पान फाडायचं नाही, खोडलेलं वाचता आलं पाहिजे, चुकलेलंही ठेवायचं. मला ते पाठ होते. मी स्वतः नव्या मुलांना ते दोनदा सांगितले होते. पण "फेअर" हा शब्द ऐकला की माझ्या डोक्यात दुसरंच दार उघडतं. अकरावीपासून एमएस्सीपर्यंत आम्ही प्रयोग करायचो कच्च्या वहीत आणि जर्नल लिहायचो घरी, शांतपणे. डावीकडे पेन्सिलीनं आकृती, उजवीकडे निळ्या शाईनं कृती, निरीक्षण, निष्कर्ष. बिघडलेला प्रयोग जर्नलात नसे. सही व्हायची ती जर्नलावर. कच्च्या वह्या वर्षाखेरीस रद्दीत जायच्या, आणि त्यात कुणाला काही वाटायचं नाही.

कयलचे वडील शाळेच्या प्रयोगशाळेत मदतनीस होते. जर्नल कसं लिहावं हे तिला त्यांनी शिकवलं होतं. तिनं भांडारातून दुसरी वही घेतली आणि ऑगस्टमध्ये दहा दिवस ग्रंथालयात बसून सगळं उतरवून काढलं. पूर्ण झाल्यावर ती मला दाखवायला आणली. एकही खाडाखोड नाही. पट्टीनं आखलेले तक्ते, प्रत्येक शीर्षकाखाली दोन रेघा.

"वा," मी म्हणाले. "छापल्यासारखी आहे."

"अप्पा म्हणतात, माझी सातच्या आकड्यावरची आडवी रेघ वाकडी येते."

"मला नाही दिसत वाकडी."

ती खूश झाली. जुनी वही कुठे आहे, हे मी विचारलं नाही.

सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात डॉ. थ्वेटनी आम्हा दोघींना खोलीत बोलावलं. त्यांच्यापुढे यंत्रातून काढलेली यादी होती आणि शेजारी प्रबंधासोबत जमा केलेली कयलची वही.

"कयल, एकोणीस, वीस आणि सत्तावीस या बाटल्या यंत्राच्या यादीत आहेत. तुझ्या वहीत नाहीत. कुठे गेल्या?"

"त्या बिघडल्या होत्या मॅम. एकोणीस आणि वीस माझ्या हातून मिसळल्या. सत्तावीसचं झाकण सैल राहिलं."

"होतं असं. पण बिघडल्या असं लिहिलंय कुठे?"

कयलनं माझ्याकडे पाहिलं. तिला प्रश्नच कळला नव्हता. "फेअरमध्ये कसं लिहिणार, मॅम?"

थ्वेटबाईंनी वहीचं मुखपृष्ठ उघडून आमच्याकडे फिरवलं. आतल्या बाजूला भांडाराचा शिक्का होता, वही दिल्याची तारीख: तीस जुलै. पहिल्या पानावर कयलच्या सुरेख अक्षरात पहिल्या प्रयोगाची तारीख: पाच जून.

"पाच जूनला ही वही कपाटात होती," त्या म्हणाल्या. "मूळ वही आणून दे. आजच दे. मग आपण हे इथंच मिटवू."

"मूळ वही मी..." कयल म्हणाली. "ती झाली होती ना लिहून. मी ती रद्दीच्या पेटीत टाकली."

आम्ही तिच्या वसतिगृहावर गेलो. मागच्या अंगणात निळ्या झाकणाच्या चार पेट्या होत्या. त्या दर पंधरा दिवसांनी रिकाम्या होतात. कयलनं वही टाकून पाच आठवडे झाले होते. तरी तिनं चारही झाकणं उघडून पाहिली, आणि चौथ्या पेटीत कोपरापर्यंत हात घालून चाचपलं. पिझ्झाचे खोके होते.

"एका पानाचा तरी फोटो काढला होतास का?" मी विचारलं.

"खराब पानाचा फोटो कोण काढतं, अक्का?"

डॉ. थ्वेटनी प्रकरण वर पाठवलं. "शर्वाणी, मला ती मुलगी खोटारडी वाटत नाही," त्या मला म्हणाल्या. "पण आकडे खरे आहेत हे मी कशाच्या जोरावर सांगू? तू सांगशील?"

मी सांगू शकत नव्हते. मी त्या वहीची चार पानं पाहिली होती.

चौकशी समितीची तारीख ऑक्टोबरमध्ये पडली. कयलनं निवेदन लिहून दिलं. मीही साक्षीदार होते, कारण टेबल माझ्या देखरेखीखाली होतं. आदल्या दिवशी आम्ही दोघी कॅन्टीनमध्ये बसलो. तिनं डब्यात दहीभात आणला होता आणि तो चमच्यानं नुसता इकडून तिकडे करत होती.

"मी त्यांना सगळं सांगणार आहे," मी म्हणाले. "फेअर काढ असं मीच म्हणाले होते."

"नको."

"का नको? खरं आहे ते."

"अक्का, तुमचं अजून एक वर्ष आहे. तुम्ही यात पडू नका. मी लिहिलंय सगळं व्यवस्थित."

"काय लिहिलंयस?"

"व्यवस्थित लिहिलंय म्हटलं ना." तिनं डबा बंद केला. "तुम्ही फक्त सांगा, मी रोज वेळेवर यायचे. ते तर खरंच आहे."

मला वाटलं, ती भिडस्तपणानं बोलतेय. आपल्यामुळे मोठ्या माणसाला त्रास नको, ही आमच्याकडची सवय मला चांगली माहीत होती. म्हणून मी ठरवलं की तिचं ऐकायचं नाही. इतक्या वर्षांत एक गोष्ट तरी सरळ करावी, असंही कुठंतरी वाटत होतं.

समितीत तिघं होते. अध्यक्ष अभियांत्रिकीचे, एक इतिहासाच्या बाई, एक कचेरीतले टिपण घेणारे. कयल एबिएरेचा काळा कोट घालून बसली होती; बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. तिच्याशेजारी विद्यार्थी संघटनेची सल्लागार होती.

अध्यक्षांनी मला विचारलं, "नोंदी नव्या वहीत उतरवायचा सल्ला विद्यार्थिनीला कुणी दिला होता का, तुम्हाला माहीत आहे?"

"हो," मी म्हणाले. "मी दिला."

कयलनं डोळे मिटले. मला वाटलं, तिला हायसं वाटलं असेल.

मी पुढे बोलत राहिले. आमच्याकडे विज्ञान कसं शिकवतात, कच्ची वही म्हणजे काय, जर्नल म्हणजे काय. ही फसवणूक नव्हे, ही शिस्त आहे, आम्हाला सात वर्षं हीच शिस्त लावलेली असते. पूर्ण झालेली वही तिनं मला दाखवली, मी ती पाहिली, मी तिचं कौतुक केलं.

इतिहासाच्या बाई मन लावून ऐकत होत्या. "म्हणजे तुमच्याकडे प्रत्येक नोंद दोनदा होते?"

"हो."

"आणि पहिली?"

"पहिली कुणी मागत नाही."

अध्यक्षांनी समोरच्या कागदांतलं एक पान काढलं. "विद्यार्थिनीच्या निवेदनातला तिसरा परिच्छेद वाचतो." त्यांनी सावकाश वाचलं. "ही कल्पना संपूर्णपणे माझी होती. याबद्दल मी कुणाशीही बोलले नाही. नवी वही मी जमा करण्यापूर्वी कुणालाही दाखवली नाही."

त्यांनी पान खाली ठेवलं.

"मिस कयलविळी," अध्यक्ष म्हणाले, "यातलं खरं कोणतं?"

कयलनं कोटाच्या बाह्या मागे सारल्या. "अक्का सांगतात ते."

"मग तुम्ही सही करून दिलंत ते?"

"ते मी..." तिनं सल्लागाराकडे पाहिलं. सल्लागार आपल्या वहीत पाहत होती. "त्यांना त्रास होऊ नये म्हणून."

"तुमच्या लक्षात येईल," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच वाईट होतं. "तुमच्या आकड्यांसाठी आमच्याकडे आता तुमच्या शब्दाखेरीज काहीच नाही. आणि तुम्ही जे सही करून दिलंत, तेच खरं नाही."

मी उठून काहीतरी बोलायला लागले. टिपण घेणाऱ्यानं हातानं मला बसायची खूण केली.

नऊ दिवसांनी निकाल आला. प्रबंधाला शून्य, पुन्हा सादर करायची परवानगी नाही. विषयांचे गुण राहिले, म्हणून एमएस्सीच्या जागी पदविका. पदविकेवर व्हिसा वाढत नाही. नोकरीवाल्यांनी सभ्य शब्दांत कळवलं की जागा दुसऱ्याला दिली आहे. मला एक पत्र आलं. नोंदी कशा ठेवाव्यात याचं अर्ध्या दिवसाचं प्रशिक्षण मी घ्यावं, एवढंच त्यात होतं. मी ते घेतलं. सोळा प्रश्नांची परीक्षा होती, सोळाही बरोबर आले. एबिएरेला सूपाच्या डागासकट उत्तम श्रेणी मिळाली, आणि त्या दिवशी ती प्रयोगशाळेत आली तेव्हा कुणाशी हसली नाही.

कयल नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात गेली. दुपारची विमानतळाची बस होती. बसस्थानकावर पाऊस नव्हता, नुसता ओला गारठा होता. दोन बॅगा तिनं स्वतःच गाडीच्या पोटात ठेवल्या, मी हात लावू लागले तर म्हणाली, "राहू द्या."

"कयल, मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर ते..."

"तुम्हाला कुणी विचारलं होतं, अक्का?"

"समितीनं विचारलं."

"मी विचारलं होतं का?" ती शांतपणे म्हणाली. "मी नको म्हटलं होतं. तुम्ही ऐकून न ऐकल्यासारखं केलंत. कल्पना माझी, एवढंच राहिलं असतं, तर मी मूर्ख ठरले असते. मूर्ख मुलीला पुन्हा लिहायला देतात, सल्लागार म्हणाली होती. खोटारड्या मुलीला नाही देत."

तिच्या निवेदनात खोटं होतं, हे खरं. मी मध्ये नसते तर ते तिनं लिहिलं नसतं, हेही खरं. ही दोन वाक्यं मी अनेकदा शेजारी शेजारी मांडून पाहिली आहेत.

चालकानं दार लावायची तयारी केली. कयल पायरीवर चढून वळली.

"अप्पांना मी कोर्स झाला म्हणून सांगितलंय. तुमचा नंबर आहे त्यांच्याकडे, मी आजारी पडले होते तेव्हा दिला होता. फोन आला तर काही बोलू नका. एवढं तरी करा."

"करीन," मी म्हणाले.

डिसेंबरच्या सुरुवातीला, मी दुपारी वजनाच्या खोलीत असताना, तो फोन आला. कयलचे अप्पा एकेक इंग्रजी शब्द जोडून सावकाश बोलत होते. मुलीची काळजी घेतल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले. आता ती घरीच असते म्हणाले, फार बोलत नाही, उकाड्याची सवय मोडल्यामुळे असेल.

"मॅडम, एक विचारायचं होतं. डिग्रीचा कागद कधी पाठवतात?"

तराजूच्या काचेआड चौथ्या दशांशाचा आकडा स्थिर होत होता.

"वेळ लागतो," मी म्हणाले. "पोस्टानं येईल."

"येऊ दे, येऊ दे. घाई नाही," ते म्हणाले. "मी पोस्टमनला सांगून ठेवलंय. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नको म्हटलंय."