जयवंतचा चार्ज

डोंगरावरच्या वस्तीला पाणी पहाटे पाच चाळीसला येतं. तीन वर्षांत एक मिनिट चुकलेलं नाही. पाणीखात्याच्या इतर चौक्यांवर लोक हंडे घेऊन मोर्चे नेतात, घाटकोपरच्या आमच्या चौकीत पेढे आणून देतात. वरिष्ठांनी आम्हाला आदर्श चौकी ठरवलं आणि मला, म्हणजे इथल्या इंजिनिअरला, भाषण करायला सांगितलं: हे तुम्ही कसं जमवता?

मला कुठे ठाऊक होतं? रस्त्यातला व्हॉल्व्ह पहाटे कोण फिरवतं, हे मी त्या दिवशी पहिल्यांदा विचारलं. हजेरीपटावर चावीवाल्याची जागा रिकामी होती. आमचा जुना कारकून अनंत चष्मा पुसत बसला.

"जयवंत फिरवतो," तो शेवटी म्हणाला.

"जयवंत वारला ना रे? तीन वर्षं झाली."

"वारला. पण त्याच्याकडून चार्ज कुणी घेतलाच नाही, साहेब. कागद राहून गेला. आणि चार्ज दिल्याशिवाय आपल्याकडे माणूस सुटतो कुठे?"

मला हसू आलं, पण टेबलापाशी उभी असलेली बाई हसत नव्हती. ती विमला, जयवंतची बायको. दर महिन्याला तोच अर्ज घेऊन येते, असं अनंत म्हणाला.

"तेंका सोडा, साहेब," ती म्हणाली. "रोज उजाडताना भिजलेल्या पायांनी घरात येतत. कोपऱ्यात बसतत. बोलणत नाय. दमलेत ओ ते."

अर्ज एका ओळीचा होता: जयवंतकडून चार्ज घ्यावा. खाली माझी सही झाली की जयवंत सुटणार होता. मी पेन उघडलं. मग आठवलं, नवा चावीवाला मंजूर व्हायला दोन वर्षं तरी लागतील, आणि भाषण शुक्रवारी आहे. मला माझीच किळस आली. तरी मी पेन बंद केलं.

"कार्यक्रम होऊ दे, विमलाताई. मग बघू."

ती रडली नाही. "मी तेंका काय सांगू?" तिने विचारलं. "ते भायर उभे आसत. तुमीच सांगा."

दारात दुपारचं ऊन होतं. कुणी दिसत नव्हतं. अनंत मात्र खुर्चीतून उठून उभा राहिला होता.

"जयवंत," मी मान खाली घालून म्हणालो, "अजून थोडे दिवस."

"होय, साहेब," बाहेरून आवाज आला.