फांताशिवाय नकाशा नाही!

सी लहबीब यांच्या लांबलचक भिंतीवर पोरं कोळशाने काहीबाही खरडायची आणि सी लहबीब चप्पल घेऊन त्यांच्यामागे धावायचे. मोरोक्कोतल्या तिझनित गावच्या त्या गल्लीत हे रोजचंच! म्हणून शाळेच्या नझहाबाईंनी त्याच भिंतीवर मुलांकडून जगाचा नकाशा रंगवून घ्यायचं ठरवलं. सी लहबीब चक्क हो म्हणाले!

शनिवारी सकाळी चौकटी आखून झाल्या आणि मुलं निळा रंग घेऊन समुद्रावर तुटून पडली.

"शामा, अख्खा अटलांटिक प्यायलीस की काय? ओठ बघ!" नझहाबाई हसत होत्या.

तेवढ्यात फांताने ब्रश उचलला. फांता गिनी देशातून आलेली. कोपऱ्यावरच्या खोलीत आईबरोबर राहायची.

"ए, ठेव तो खाली!" सी लहबीब गरजले. "माझ्या भिंतीला आपल्याच मुलांनी हात लावायचा. हे लोक आज इथे, उद्या समुद्रापार!"

फांता ब्रश ठेवून निघून गेली. शामाने आपला ब्रश बादलीत टाकला.

"काका, ती माझ्या बाकावर बसते. फांता नाही, तर नकाशाही नाही!"

एकेक करून सगळी मुलं उठली. भिंतीवर उरला नुसता समुद्र. जमीन कुठेच नाही!

"काय सी लहबीब, पोहायला येऊ का?" समोरच्या किराणावाल्याने टोमणा मारला.

घरी बायकोने, लाल्ला ताम्मूने, चहा ओतला.

"बेल्जियममध्ये आपल्या लेकाला, रहीमला, खोली देईना कोणी. तेव्हा तुम्ही त्या लोकांना काय काय बोललात?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कशी? तिथे दार लावणारे ते होते, इथे तुम्ही आहात. पोरगी तर नुसता ब्रश मागत होती हो!"

सी लहबीब चहा न पिताच उठले आणि थेट कोपऱ्यावरच्या खोलीपाशी गेले. फांताच्या आईने दार उघडलं आणि त्यांना पाहताच लेकीला पाठीशी घातलं.

"भिंत खराब झाली असेल तर मी धुऊन देते, सी लहबीब. पण घरमालकाला सांगू नका. आम्हाला खोली सोडायला लावू नका."

सी लहबीब सुन्न झाले. ही बाई आपल्याला एवढी घाबरते? मुलांमागे चप्पल घेऊन धावणारा मी, इतका भयंकर माणूस कधी झालो?

"नाही, ताई," ते म्हणाले. "मी फांताला न्यायला आलोय. चुकलो मी."

आईच्या पाठीमागून प्रश्न आला, "मी गिनी रंगवू?"

"गिनी काय, सगळी आफ्रिका रंगव!"

मग काय विचारता! शामाने आरोळी ठोकली, मुलं धावत आली, किराणावालासुद्धा दुकान सोडून शिडी धरायला आला. संध्याकाळपर्यंत समुद्रातून खंडामागून खंड वर आले.

सी लहबीब नकाशासमोर उभे राहिले. त्यांनी मोरोक्कोवर अंगठा टेकवून बेल्जियमकडे वीत पसरली. मग तीच वीत गिनीकडे वळवली.

"अगं फांता, आमचा रहीम गेलाय तो देश नि तुझा देश, जवळजवळ सारखंच अंतर की!"

"मग रहीमदादा आणि मी सारखेच लांब आलो," फांता म्हणाली.

"हो, पोरी," ते म्हणाले आणि तिथेच, सगळ्यांसमोर, त्यांचे डोळे भरून आले.

वाचकहो, आपलंही कुणीतरी कुठेतरी परक्या गल्लीत राहत असतं. तिथल्या लोकांनी त्याला जसं वागवावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण आपल्या दारी आलेल्याला वागवायला हवं. त्याची सुरुवात हातात एक ब्रश देण्यापासूनही होते!